दिसणारी चूक : अंकीय संदेशवहनातील दोषांचे प्रतिरूपण आणि दर्शन

(तळोदा येथील स्मृती-व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे मुद्रित रूप)

१. विषयाची मांडणी

संदेश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना त्यात दोष शिरतो, ही गोष्ट संदेशवहनाच्या शास्त्राने गृहीत धरूनच आपली उभारणी केली आहे. प्रत्येक विद्युत् मंडलात उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांची अव्याहत, अनियमित हालचाल चालू असते. तिच्यातून उठणारा क्षोभ मूळ लहरीत मिसळतो. त्यात वातावरणातील विजा, शेजारच्या यंत्रांचा अडथळा आणि डोंगरांवरून परतणाऱ्या लहरी यांची भर पडते. आणि ग्राहीपर्यंत, म्हणजे संदेश घेणाऱ्या यंत्रापर्यंत, जे पोचते ते पाठवलेल्या लहरीहून थोडेफार वेगळे असते. या सगळ्या अवांतर मिसळीला अभियंते नॉइज म्हणतात. मराठीत तिला गोंगाट असा शब्द रूढ आहे. गोंगाट पूर्णपणे नाहीसा करता येत नाही, मात्र त्याने घडवलेला दोष मोजता येतो, त्याचे कारण ओळखता येते आणि मर्यादित प्रमाणात तो दुरुस्तही करता येतो. या तिन्ही कामांची पहिली पायरी म्हणजे तो दोष डोळ्यांना दिसेल अशा रूपात मांडणे, आणि तीच प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

हा विषय तळोद्यात मांडण्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण भौगोलिक आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेकडील अक्राणी आणि अक्कलकुवा हे तालुके सातपुड्याच्या रांगांत वसलेले आहेत, तळोदा त्या रांगांच्या पायथ्याशी आहे, आणि डोंगर, दरी व विरळ वस्ती यांमुळे रेडिओलहरींचे वर्तन येथे सपाट प्रदेशाहून वेगळे होते. म्हणजेच पुस्तकात जिला कठीण वाहिनी, म्हणजे संदेश जाण्याची खडतर वाट, म्हणतात ती येथे रोजच्या जगण्याचा भाग आहे. दुसरे कारण ऐतिहासिक आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली या गावात देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले, आणि त्या बारा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक केवळ दोष उघडा पाडण्यासाठी ठेवलेला आहे. दोषदर्शनाचे गणित या जिल्ह्यातून देशभर गेले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

व्याख्यानाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे की, दोष जोवर दिसत नाही तोवर त्याचा भार साखळीतल्या सर्वांत दुबळ्या टोकावर, बहुधा सामान्य माणसावर, पडतो. आणि दोष दिसू लागला की तो कोठे, कशामुळे व किती झाला हे ठरवता येऊन जबाबदारी योग्य ठिकाणी जाते. दोषाचे चित्र काढणे हे म्हणूनच अभियांत्रिकीच्या सोयीचे काम असण्याबरोबर सार्वजनिक हिताचेही काम आहे.

२. दोन्ही टोकांवर उभा असलेला निरीक्षक

प्रत्यक्ष संदेशवहनात एक मूलभूत अडचण असते. ग्राहीला काय मिळाले ते ठाऊक असते, पण काय पाठवले होते ते ठाऊक नसते, कारण ते ठाऊक असते तर संदेश पाठवण्याची गरजच उरली नसती. त्यामुळे मिळालेल्या मजकुरात चूक कोठे आहे हे ग्राहीला नुसते पाहून सांगता येत नाही. सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संपूर्ण संदेशवहन-व्यवस्थेच्या संगणकात उभ्या केलेल्या प्रतिरूपात, ही अडचण दूर होते. तेथे पाठवलेला मजकूर आणि मिळालेला मजकूर हे दोन्ही एकाच स्मृतीत शेजारी शेजारी असतात, दोहोंची तुलना बिट-बिट करता येते, आणि दोष नेमका कोठे व कोणत्या क्षणी झाला हे निश्चितपणे कळते. प्रतिरूपणाचे खरे बळ वेगात किंवा स्वस्ताईत नसून दोन्ही टोकांवर एकाच वेळी उभे राहण्याच्या या सवलतीत आहे.

अशा प्रतिरूपणाची रचना ठरलेली असते. प्रथम शून्य आणि एक यांची, म्हणजे बिटांची, एक मालिका घेतली जाते. तिला आवश्यक तर संरक्षक बिटांची जोड दिली जाते, आणि या क्रियेला संकेतन म्हणतात. नंतर प्रत्येक बिट लहरीच्या रूपात बदलला जातो. या क्रियेला मॉड्युलेशन म्हणतात, आणि तिच्या सर्वांत सोप्या प्रकारात एक या बिटासाठी +१ व शून्यासाठी −१ असे मूल्य पाठवले जाते. मग वाहिनीच्या टप्प्यावर या मूल्यात संगणकाने निर्माण केलेली यादृच्छिक संख्या, म्हणजे जिचा नेमका अंदाज बांधता येत नाही अशी संख्या, मिसळली जाते. आणि शेवटी ग्राही प्रत्येक मूल्य शून्याहून मोठे की लहान हे पाहून बिटाचा निर्णय करतो. चुकलेल्या बिटांना एकूण बिटांनी भागले की बिट-दोषप्रमाण मिळते. यादृच्छिक प्रयोग असंख्य वेळा करून सरासरीपर्यंत पोचण्याच्या या रीतीला माँटे कार्लो पद्धती म्हणतात.

या कामासाठी महागडी सामग्री लागत नाही. पायथन, ऑक्टेव्ह आणि सायलॅब ही साधने विनामूल्य मिळतात. मुंबईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्प सायलॅब व पायथनसारख्या मुक्त साधनांचा शिक्षणात प्रसार करतो, आणि त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात मराठीतूनही पाठ उपलब्ध आहेत. पाच-दहा लाख बिटांचे प्रतिरूपण साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत होते. तळोद्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला हा प्रयोग करण्यासाठी जिज्ञासेखेरीज दुसऱ्या भांडवलाची गरज नाही.

३. एका नावाचे १२० बिट

प्रतिरूपणातील दोष कसा दिसतो हे समजण्यासाठी गावाचेच नाव घेणे सोयीचे आहे. ‘तळोदा’ हा शब्द संगणक त, ळ, ओकाराची मात्रा, द आणि काना अशा पाच चिन्हांनी साठवतो, आणि युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ रीतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे २४ बिट लागतात. त्यामुळे संपूर्ण नाव १२० बिटांचे होते. वाहिनीत शंभरात एक बिट उलटत असेल तर हे नाव निर्दोष पोचण्याची संभाव्यता सुमारे ३० टक्के उरते, म्हणजे शंभर वेळा पाठवल्यास सुमारे सत्तर वेळा त्यात कोठे ना कोठे चूक निघते. आणि दोषप्रमाण हजारात एक इतके खाली आले तरी शंभरातील अकरा वेळा नाव बिघडते. बिटाच्या पातळीवर क्षुल्लक वाटणारे प्रमाण शब्दाच्या पातळीवर किती मोठे होते, हे या हिशेबातून ध्यानात येते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, सर्व चुका सारख्या दिसत नाहीत. पहिल्या चिन्हाचा शेवटचा बिट उलटला तर ‘त’ चा ‘थ’ होतो; शेवटून दुसरा उलटला तर ‘द’ होतो आणि ‘दळोदा’ असे नाव पोचते; मधल्या बाइटमधला एक विशिष्ट बिट उलटला तर देवनागरी ‘त’ च्या जागी बंगाली लिपीतील तेच अक्षर उमटते, कारण भारतीय लिप्यांची अक्षरे युनिकोडमध्ये समांतर क्रमाने लावलेली आहेत; आणि बाइटच्या आरंभीच्या रचनादर्शक बिटांपैकी एक उलटला तर चिन्हच अवैध ठरून पडद्यावर प्रश्नचिन्हाची चौकट दिसते. यांपैकी शेवटची चूक सर्वांत ओबडधोबड असूनही सर्वांत निरुपद्रवी आहे, कारण ती स्वतःची घोषणा करते. ‘दळोदा’ ही चूक मात्र एखाद्या खऱ्या गावाच्या नावासारखी दिसते, ती कोणाच्या नजरेत भरत नाही, आणि म्हणून ती पुढच्या कागदपत्रांत निर्वेधपणे उतरत राहते. सुबक दिसणारी चूक ही विद्रूप चुकीहून अधिक घातक असते. दोषदर्शनाच्या सर्व पद्धतींच्या मुळाशी हीच जाणीव आहे.

४. दोषांची चित्रे

दोष पाहण्याच्या अनेक रीती आहेत आणि प्रत्येक रीत वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. सर्वांत सरळ रीत म्हणजे दोष-नकाशा. मिळालेले बिट ओळींत मांडून बरोबर आलेला बिट पांढरा व चुकलेला काळा रंगवला की, दोष स्वतंत्रपणे होत असतील तर काळे ठिपके सर्वत्र विखुरलेले दिसतात, आणि अडथळा काही काळ टिकून राहत असेल तर ठिपक्यांच्या आडव्या पट्ट्या उमटतात. दोन्ही नकाशांत चुकांची संख्या अगदी सारखी असू शकते, त्यामुळे केवळ दोषप्रमाण सांगणारा आकडा या दोन परिस्थितींत भेद करू शकत नाही. नकाशा तो भेद पहिल्या दृष्टिक्षेपात करतो. पट्ट्या दिसल्या की उपायही सुचतो: पाठवण्यापूर्वी बिटांचा क्रम ठरलेल्या रीतीने विसकटायचा आणि मिळाल्यावर पूर्ववत लावायचा, म्हणजे एका जागी साचलेले दोष दूरदूर पसरतात आणि दुरुस्तीच्या आवाक्यात येतात. या क्रियेला इंटरलीव्हिंग म्हणतात.

दुसरी रीत म्हणजे एखादे चित्रच वाहिनीतून पाठवणे. २५६ गुणिले २५६ ठिपक्यांचे करड्या छटांचे चित्र घेतले आणि प्रत्येक ठिपक्याला आठ बिट दिले, तर चित्र ५,२४,२८८ बिटांचे होते. शंभरात एक या दोषप्रमाणाला त्यातील सुमारे ५,२४० बिट उलटतात आणि जवळजवळ आठ टक्के ठिपके बिघडतात. लाखात एक या प्रमाणाला अवघे पाच बिट उलटतात आणि ते सहसा नजरेत येत नाहीत. येथेही आकडा न सांगणारी गोष्ट डोळा सांगतो, कारण ठिपक्याचा सर्वांत वजनदार बिट उलटला तर छटा १२८ पायऱ्यांनी बदलते आणि काळ्या आकाशात ठळक करडा डाग पडतो, तर सर्वांत हलका बिट उलटला तर छटा एकाच पायरीने बदलते आणि कोणालाही ते जाणवत नाही. दोषप्रमाणाच्या मोजणीत मात्र दोन्ही चुका एकेक म्हणूनच धरल्या जातात. तेच चित्र आकार कमी करण्यासाठी संकुचित करून पाठवले, तर एकाच बिटाच्या चुकीने पुढचा सगळा भाग सरकू वा कोलमडू शकतो, कारण संकुचित मजकुरात प्रत्येक खूण कोठे सुरू होते हे आधीच्या खुणांच्या वाचनावर अवलंबून असते. काटकसर जितकी जास्त, तितकी चुकीची किंमत जास्त, हा नियम या चित्रातून शिकता येतो.

तिसरी रीत कॉन्स्टेलेशन आकृतीची आहे. ग्राहीपर्यंत आलेले प्रत्येक मूल्य निर्णय होण्यापूर्वीच प्रतलावर एका बिंदूने दाखवले की, गोंगाट नसताना ठरलेल्या जागी एकेक बिंदू दिसतो आणि गोंगाट वाढत गेला की त्या जागांभोवती बिंदूंचे ढग तयार होतात. ढग गोल असतील तर दोष गोंगाटाचा आहे. सगळी आकृती फिरलेली असेल तर प्रेषक आणि ग्राही यांच्या लहरींचा ताल जुळलेला नाही. ढग कंसाकार ताणलेले असतील तर ताल सतत डळमळतो आहे. आणि बाहेरच्या कडा आत दबलेल्या असतील तर लहरीची ताकद वाढवणारा प्रवर्धक आपल्या क्षमतेबाहेर चालवला जात आहे. या आकृतीचेच भावंड म्हणजे नेत्राकृती, जिच्यात लहरीचे अनेक तुकडे एकावर एक ठेवून काढले जातात आणि मधली मोकळी जागा डोळ्याच्या आकाराची दिसते. ती जागा जितकी उघडी तितका निर्णय सुरक्षित, आणि ती मिटत आली की शेजारचे बिट एकमेकांत मिसळत आहेत असा अर्थ होतो. या आकृत्या चूक घडण्याच्या आधीची अवस्था दाखवतात, म्हणून निदानासाठी त्यांचे मोल मोठे आहे.

चौथी रीत दोषप्रमाणाच्या वक्राची आहे. आडव्या अक्षावर प्रत्येक बिटामागील ऊर्जा व गोंगाट यांचे गुणोत्तर डेसिबलमध्ये मांडतात, ज्यात दर दहा डेसिबलला गुणोत्तर दसपट होते, आणि उभ्या अक्षावर दोषप्रमाण लॉगॅरिथमच्या पट्टीवर मांडतात. वर सांगितलेल्या सोप्या मॉड्युलेशनमध्ये शून्य डेसिबलला हजारी सुमारे ७९, चार डेसिबलला हजारी सुमारे १२, आठ डेसिबलला दहा हजारी सुमारे दोन, आणि दहा डेसिबलला दहा लाखांत सुमारे चार बिट चुकतात. वक्र आरंभी मंद उतरतो आणि पुढे कड्यावरून कोसळल्यासारखा खाली येतो. जुन्या ॲनालॉग दूरचित्रवाणीचे चित्र दुबळ्या लहरीत हळूहळू मुंग्यांनी भरत जाई, आणि आजच्या छत्रीवरून येणारे अंकीय चित्र मुसळधार पावसात शेवटपर्यंत स्वच्छ राहून एकाएकी चौकटींत फुटते व थिजते, या सर्वपरिचित फरकाचे कारण या वक्राच्या उताराच्या तीव्रतेत आहे, आणि दोषदुरुस्तीच्या संकेतांमुळे तो उतार आणखी तीव्र होतो.

५. सपाटी आणि दरी

वरील आकडे प्रेषक व ग्राही एकमेकांच्या सरळ दृष्टीत असताना, केवळ गोंगाट हाच अडथळा असताना लागू पडतात. सातपुड्यासारख्या प्रदेशात लहर डोंगराच्या आडोशाने अडते, उतारांवरून आणि कड्यांवरून परतते, आणि ग्राहीपर्यंत एकाच संदेशाच्या अनेक प्रती वेगवेगळ्या वाटांनी, किंचित पुढेमागे पोचतात. त्या कधी एकमेकींना बळ देतात, कधी खोडून काढतात, आणि माणूस चार पावले सरकला तरी मोबाइलवरील लहरीची ताकद कित्येक पटींनी बदलते. या चढउताराला फेडिंग म्हणतात, आणि सरळ वाट नसलेल्या परिस्थितीसाठी त्याचे जे गणिती प्रतिरूप वापरतात ते लॉर्ड रॅले या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाते.

दोन्ही प्रतिरूपांचे वक्र एकाच आलेखावर काढले की फरक स्पष्ट होतो. सरासरी दहा डेसिबल इतकेच गुणोत्तर धरले, तर मोकळ्या वाहिनीत दहा लाखांत चार बिट चुकतात आणि रॅले वाहिनीत हजारात २३; आणि रॅले वाहिनीत ऊर्जा दसपट वाढवून वीस डेसिबलपर्यंत नेली तरी दोषप्रमाण हजारी अडीचपर्यंतच उतरते. म्हणजे दरीतल्या वस्तीसाठी मनोऱ्याची ताकद वाढवणे हा अपुरा उपाय आहे. दोन अँटेनांनी वेगवेगळ्या जागी लहर घेणे, संदेश काळात पसरवून पाठवणे, किंवा वस्तीच्या दृष्टिपथात लहान मनोरे उभारणे हे उपाय अधिक फलदायी ठरतात, कारण सर्व वाटा एकाच क्षणी मंदावण्याची शक्यता कमी असते. सरासरी ताकद पुरेशी आहे असा अहवाल आणि संपर्क होत नाही अशी गावकऱ्यांची तक्रार ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, आणि ती कशी खरी असतात हे या दोन वक्रांमधील अंतर दाखवते.

६. दुरुस्तीचे गणित आणि दोन भारतीय नावे

दोष दिसला की पुढचा प्रश्न दुरुस्तीचा असतो. दरीपलीकडे हाक देणारा माणूस एकच शब्द तीनदा ओरडतो आणि ऐकणारा दोनदा सारखे ऐकू आले ते खरे मानतो, ही दोषदुरुस्तीची सर्वांत जुनी रीत आहे. शंभरात एक बिट चुकणाऱ्या वाहिनीत तिच्यामुळे चूक दहा हजारांत सुमारे तीनपर्यंत उतरते, पण त्यासाठी तिप्पट बिट खर्ची पडतात. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये सिद्ध केले की इतकी उधळपट्टी अनिवार्य नाही. प्रत्येक वाहिनीला एक क्षमता असते आणि तिच्या आत राहून, योग्य संकेत निवडल्यास, दोषप्रमाण हवे तितके कमी करता येते. तसा संकेत कसा बांधावा हे मात्र त्यांच्या प्रमेयाने सांगितले नव्हते. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये दिलेल्या संकेतात चार बिटांना तीन तपासणी-बिटांची जोड मिळते आणि सातांपैकी कोणताही एक चुकला तरी तो ओळखून उलटवता येतो. शंभरात एक या दोषप्रमाणाला चार बिटांचा गट संरक्षणाविना हजारात सुमारे ३९ वेळा बिघडतो आणि या संकेताने हजारात सुमारे दोन वेळाच बिघडतो.

या शास्त्राच्या पुढच्या वाटचालीत दोन भारतीय नावे ठळक आहेत. राज चंद्र बोस यांचा जन्म १९०१ मध्ये नर्मदाकाठच्या होशंगाबादेत झाला, आणि तीच नर्मदा पुढे नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा होऊन वाहते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत घडलेल्या या गणितज्ञाने अमेरिकेत द्विजेंद्र कुमार राय-चौधुरी यांच्यासह १९६० मध्ये एकाहून अधिक चुका दुरुस्त करणाऱ्या संकेतांचे एक विस्तृत कुळ प्रसिद्ध केले. फ्रान्समध्ये ऑकेंगेम यांनी तेच कुळ १९५९ मध्ये स्वतंत्रपणे शोधले होते, म्हणून तिघांच्या आद्याक्षरांवरून त्याला बीसीएच संकेत म्हणतात. आठवडी बाजारात भाजीच्या पाटीशेजारी टांगलेल्या क्यूआर चौकटीत हा संकेत आहे: चौकटीची रचना सांगणारे पाच बिट १५ बिटांच्या बीसीएच संकेतात लिहिलेले असतात आणि त्यांतील तीन चुकले तरी वाचले जातात, तर मुख्य मजकूर रीड-सॉलोमन या जवळच्या संकेतात असतो, ज्याच्या चार ठरलेल्या पातळ्यांवर सुमारे ७, १५, २५ किंवा ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळतो. क्यूआर चौकट हा दोष-नकाशाच आहे. तिच्यावरील धूळ, सुरकुती किंवा डाग डोळ्यांना दिसतात आणि त्यांवर मात करणारे गणितही क्षणात कार्य करताना दिसते.

दुसरे नाव शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचे. १९१७ मध्ये सागर येथे जन्मलेले, नागपुरात शिकलेले आणि पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाची धुरा सांभाळणारे श्रीखंडे १९५९ मध्ये बोस व पार्कर यांच्यासह ऑयलरचे लॅटिन चौरसांविषयीचे जुने अनुमान चुकीचे ठरवल्याबद्दल जगभर गाजले. त्याच वर्षी बोस आणि श्रीखंडे यांनी संकेतांच्या रचनेवर एक निबंध प्रसिद्ध केला आणि हॅडामार्ड सारण्या, म्हणजे +१ व −१ यांच्या परस्परलंब ओळींच्या चौकोनी मांडण्या, आणि परस्परांपासून जास्तीत जास्त दूर असलेले संकेतशब्द यांचे नाते स्पष्ट केले. या कुळातल्या एका संकेताने मरिनर-९ या यानाचा मजकूर सांभाळला. १९७१ मध्ये मंगळाभोवती फिरू लागलेल्या या यानाकडून सहा बिटांचा प्रत्येक गट ३२ बिटांचा होऊन पृथ्वीकडे निघे, कोणतेही दोन संकेतशब्द निदान १६ जागी वेगळे असत, आणि म्हणून ३२ पैकी सात बिट चुकले तरी मूळ गट हाती येई. मंगळाच्या भूमीची जी चित्रे जगाने तेव्हा पाहिली, त्यांच्या स्वच्छतेमागे या जातीचे गणित होते.

७. टेंभलीचा बारावा अंक

संदेशवहन फक्त लहरींतून होत नाही. माणूस क्रमांक वाचतो, सांगतो, लिहून घेतो आणि कळफलकावर दाबतो, तेव्हा तोही एक वाहिनी असतो आणि त्याच्या चुकांनाही ठरावीक स्वरूप असते. एखादा अंक चुकीचा पडणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक, आणि शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल ही तिच्या मागोमाग येणारी. आधार क्रमांकाचे पहिले अकरा अंक क्रमांक म्हणून असतात आणि बारावा अंक त्या अकरांवरून गणिताने ठरतो. ते गणित याकोबुस व्हेरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये प्रसिद्ध केले.

त्याची गरज समजण्यासाठी एक छोटे प्रतिरूपण पुरेसे आहे. दहा ओळी व दहा स्तंभांची चौकट आखून प्रत्येक घरात अंकांची एक जोडी ठेवावी, त्या जोडीची अदलाबदल तपासणी-अंकाने पकडली तर घर पांढरे आणि निसटली तर काळे करावे. कर्णावरील दहा घरांत दोन्ही अंक सारखे असल्याने चूकच घडत नाही. उरलेल्या ९० घरांचा निकाल पाहायचा आहे. सर्व अंकांची साधी बेरीज करून एकक-अंक घेणारी पद्धत वापरली तर ९० ही घरे काळी होतात, कारण बेरजेत क्रमाला किंमत नाही. बँकेच्या कार्डांवर वापरली जाणारी लून पद्धत घेतली तर ० आणि ९ यांच्या जोडीची दोनच घरे काळी राहतात. व्हेरहूफ पद्धतीत एकही घर काळे होत नाही, आणि एकाच अंकाची प्रत्येक चूकही ती पकडते. हे साधते कारण व्हेरहूफ यांनी बेरजेऐवजी नियमित पंचकोनाच्या दहा हालचाली, पाच फिरवण्याच्या व पाच उलटवण्याच्या, जोडण्याचे गणित घेतले, ज्यात आधी फिरवून मग उलटवणे आणि आधी उलटवून मग फिरवणे यांचे फळ वेगळे असते. शिवाय अंकाच्या स्थानानुसार बदलणारी फेरमांडणी लावून उरलेली भोकेही बुजवली. तीन चौकटी शेजारी ठेवल्या की एका अमूर्त प्रमेयाचा सारांश शाळकरी मुलालाही नजरेने समजतो.

या अंकाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. तो चूक आहे एवढेच सांगतो, कोठे आहे ते सांगत नाही; आणि अनेक अंक एकाच वेळी यादृच्छिक रीतीने बिघडले तर दहापैकी सुमारे एका वेळी चुकीचा क्रमांकही तपासणीतून निसटतो. क्रमांक बरोबर असणे आणि माणूस तोच असणे या भिन्न गोष्टी आहेत, हेही त्याच्या कक्षेबाहेरचे आहे.

८. प्रामाणिक चित्राच्या अटी

दोषाचे चित्र दिशाभूलही करू शकते, म्हणून त्याच्या काही अटी पाळणे आवश्यक आहे. पहिली अट नमुन्याच्या आकाराची. दहा हजार बिटांत एकही चूक आढळली नाही म्हणून दोषप्रमाण शून्य असे लिहिणे चूक आहे. तीनला बिटांच्या संख्येने भागून येणारी मर्यादा, म्हणजे येथे दहा हजारी तीन, ९५ टक्के विश्वासाने सांगता येते, त्याहून अधिक काही नाही. विश्वासार्ह मोजमापासाठी सुमारे शंभर चुका जमेपर्यंत प्रयोग चालवावा, म्हणजे आकड्यातील अनिश्चितता दहा टक्क्यांच्या आसपास येते. दहा लाखांत एक या प्रमाणासाठी त्याचा अर्थ दहा कोटी बिट असा होतो. आलेखावरील प्रत्येक बिंदूसोबत ही अनिश्चिततेची पट्टी दाखवली पाहिजे.

दुसरी अट आकड्याच्या अर्थाची. दोषप्रमाण बरोबर निम्मे आले तर बहुधा वाहिनी वाईट नसून पाठवलेली व मिळालेली मालिका एका जागेने सरकवून ताडली गेली आहे. आणि ते जवळजवळ शंभर टक्के आले तर प्रत्येक बिट निष्ठेने उलटा वाचला गेला आहे, म्हणजे माहिती पूर्ण सुरक्षित असून केवळ चिन्हाची अदलाबदल झाली आहे. तिसरी अट पुनरावृत्तीची: यादृच्छिक संख्यांचे आरंभबीज, बिटांची संख्या आणि वाहिनीची गृहीतके लिहून ठेवली नाहीत तर दुसऱ्या कोणाला तोच प्रयोग करून पडताळणी करता येत नाही. चौथी अट अशी की प्रतिरूपण आपल्या गृहीतकांपलीकडचे काही जाणत नाही. सातपुड्यातील दरीचे प्रतिरूप पडताळण्यासाठी शेवटी त्या दरीत जाऊन मोजमाप घ्यावे लागते.

९. निष्कर्ष

प्रतिरूपणात निरीक्षकाला दोन्ही टोकांवर उभे राहण्याची जी सवलत असते ती प्रत्यक्ष जीवनात नसते, आणि दोषसंकेतांचे सारे शास्त्र त्या सवलतीचा काही अंश प्रत्यक्ष ग्राहीला मिळवून देण्याचा प्रयत्न आहे. तपासणी-बिट, तपासणी-अंक आणि दुरुस्ती-संकेत संदेशाबरोबर थोडी साक्ष पाठवतात, जेणेकरून काय पाठवले होते हे न कळताही चूक झाली हे कळावे. हे तत्त्व यंत्रांपुरते थांबता कामा नये. रास्त भाव दुकानातील ई-पॉस यंत्राने नकार दिला तेव्हा जाळे मिळाले नाही, क्रमांक चुकला, ठसा जुळला नाही की दूरच्या संगणकाने उत्तर दिले नाही, ही चार वेगळी कारणे आहेत आणि त्यांतील एकाहीत शिधा मागणाऱ्याचा अपराध नाही. आधार पडताळणीच्या तांत्रिक नियमांत प्रत्येक नकाराला कारणदर्शक क्रमांक असतो. तो क्रमांक माणसाला समजेल अशा मराठीत, आणि शक्य तेथे भिली, पावरी व अहिराणीत, पडद्यावर व पावतीवर उमटला पाहिजे, आणि गावागावांतील अशा कारणांचा नकाशा तालुक्याच्या ठिकाणी सर्वांना पाहता आला पाहिजे. तसा नकाशा असेल तर डोंगरातल्या वस्तीत ठसे बिघडलेले नसून लहर पोचत नाही हे सिद्ध करता येईल आणि उपाय माणसावर न होता मनोऱ्यावर होईल.

जिल्ह्यातील विज्ञान व संगणक शाखांच्या विद्यार्थ्यांनी हे काम हाती घेण्यासारखे आहे: मुक्त साधनांत वाहिनीचे प्रतिरूप उभारावे, धडगाव, मोलगी, तोरणमाळ यांसारख्या ठिकाणी लहरीची ताकद मोजून ते पडताळावे, आणि निष्कर्ष अनिश्चिततेसह प्रसिद्ध करावेत. शॅनन यांनी सिद्ध केलेली मर्यादा कोणत्याही प्रशासनाला ओलांडता येणार नाही, परंतु तिच्या आत राहून किती चुका सहन करायच्या, त्या कोणाच्या माथी मारायच्या आणि कोणाला दाखवायच्या, हे निर्णय माणसांचे आहेत. ज्या व्यवस्थेत दोष उघड मांडला जातो तीच व्यवस्था सुधारता येते, आणि दोष उघड मांडण्याचे ज्ञान ज्या समाजाकडे असते त्याला व्यवस्थेकडे उत्तर मागण्याचा आधारही मिळतो.